सारवलेलं हेलिपॅड

आमच्या सिंदेवाहीकडच्या पट्ट्यात हेलिकॉप्टर यायचं म्हटलं की लोक ते पाहायला जात नाहीत, त्याची हवा खायला जातात. पाहायचं म्हटलं तर गडचिरोलीकडे जाणारी हेलिकॉप्टरं इथे डोक्यावरून नेहमीच जातात, त्यांच्याकडे आता बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, बाया मान वर करूनही बघत नाहीत. पण एखादं उतरणार असलं की गोष्ट वेगळी. सकाळपासून मोटारसायकली येऊन लागतात. कोणी छत्री आणतं, ती उलटी कशी होते ते बघायला. कोणी दुपट्टा आणतं, तो नेमक्या वेळी हवेत सोडायचा आणि कुठवर जातो ते मोजायचं. पोरांच्या पैजा लागतात की पाय न हलवता शेवटपर्यंत कोण उभं राहतं. आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल, त्यामुळे पाठ करून, दात काढून, धुळीने माखून उभं राहायची स्पर्धाच असते. डोळ्यांत माती गेली तरी हसतात.

हे मी तोंड वाकडं करून लिहितो आहे, पण खरं सांगायचं तर मीसुद्धा ती हवा खाल्ली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, वरोऱ्याकडे. रस्ते बांधणाऱ्या खात्यात शाखा अभियंता म्हणून लागलो होतो, आणि पाहुण्यांच्या हेलिकॉप्टरसाठी जागा तयार करून द्यायचं काम आमच्याकडे असायचं. ते उतरलं तेव्हा मी नियमाप्रमाणे मागे जायला हवं होतं. गेलो नाही. शर्ट फुगला, डोक्यावरची टोपी कापसाच्या शेतात गेली, आणि छातीवर कोणी दोन्ही हातांनी ढकलतंय असं वाटलं. मला ते फार आवडलं. घरी येऊन बाईला रंगवून रंगवून सांगितलं.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात, आणि बायाही स्वतःबद्दल करतो, गेलो असंच बोलतात. आई रोवणीला, निंदणाला जायची, म्हणून मला सांभाळायला बाईने चौथीत शाळा सोडली. मी आठवीत असताना पाटीवर तिला तिचं नाव पुन्हा गिरवायला शिकवलं, कारण ती विसरून गेली होती. सही यायला लागली तेव्हा तिने ती चुलीमागच्या भिंतीवर, पिठाच्या डब्यावर, जिथे जागा मिळेल तिथे कोळशाने करून ठेवली. लग्न होऊन ती जवळच्याच गावात गेली. भावजी लवकर गेले. धानाची थोडी शेती, एक मुलगा, पुढे सून, असं तिचं चाललं होतं.

तिचा डावा डोळा मी नोकरीला लागायच्या आधीच गेला होता. धानाच्या चुरणीत, म्हणजे मळणीत, कुसळ उडालं आणि डोळ्यात रुतलं. कुणी दूध घातलं, कुणी जिभेने काढायचा प्रयत्न केला, आणि आठ दिवसांनी दवाखान्यात नेलं तेव्हा डोळ्यात फूल पडलेलं होतं. धानाच्या मुलखात असे डोळे गावोगाव दिसतात. उरला उजवा. त्यावर तिने बत्तीस गुणांचा संसार केला. सुईत दोरा ओवायची, तांदळातले खडे टिपायची, आणि मला लांबून येताना पाहिलं की माझी चाल ओळखायची. फक्त म्हणायची, "एवढा एक दिवा हाय भाऊ, त्याले वारा लागू नको देऊ."

तर ज्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे, त्या दिवशी एक मोठे पाहुणे तिच्याच गावात येणार होते. कोण ते सांगत नाही. सांगून काही फरक पडत नाही. कापणी-चुरणी आटोपली होती, शाळेमागच्या बांध्या रिकाम्या होत्या, त्यातलीच एक मला हेलिपॅडसाठी मिळाली.

अशी जागा कशी करतात ते थोडं सांगायला हवं. आधी जमीन सपाट करायची, धुरे म्हणजे बांध काढायचे, रोलर फिरवायचा. मग पाणी मारायचं, नुसतं शिंपडायचं नाही, जमिनीच्या पोटात जाईल एवढं मारायचं, पुन्हा रोलर, पुन्हा पाणी. शेवटचं पाणी उतरायच्या थोडं आधी. मग चुन्याने मोठा गोल काढायचा आणि आत इंग्रजी एच. बाजूला ओलं तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, पेटवून धूर करायचा, म्हणजे वरून वारा कळतो. आणि बऱ्याच लांबवर बांबू रोवून सगळीकडून दोर बांधायचा, लोकांना थोपवायला. यातलं पाणी हेच मुख्य. बाकी काही कमीजास्त झालं तर चालतं. हेलिकॉप्टरची हवा वरून खाली येते आणि जमिनीला लागून चहूकडे पळते. जमिनीवर जे सुटं असेल ते ती घेऊन जाते. शिकाऊ पोरांना हे मीच समजावून सांगायचो.

पाण्याचा टँकर आदल्या दिवशी यायचा होता, तो आला नाही. सभेच्या रस्त्यावर धूळ उडत होती म्हणून तिकडे नेला, असं कळलं. फोन केले, आरडाओरडा केला. साहेब म्हणाले, सकाळी पाठवतो, तुम्ही तोवर काहीतरी करा. आता बांधीतली माती म्हणजे काळी, भुसभुशीत, तिच्यावर नुसता रोलर फिरवून काय होणार? मी तिथेच धुऱ्यावर डोकं धरून बसलो होतो. बाई जेवणाचा डबा घेऊन आली. तिने बांधीकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच ना? खळं करून देतो तुले. काऊन तोंड पाडून बसला?"

धान चुरायचं खळं तिच्यासारखं अख्ख्या गावात कुणी सारवत नसे. शेण कालवायचं, त्यात धानाचा कोंडा घालायचा म्हणजे पकड येते, आणि हाताने ओढत ओढत थर द्यायचा. वाळलं की त्यावर बैल फिरले तरी माती वर येत नाही, आणि वाऱ्यावर उपणताना दाण्यात खडा मिसळत नाही. तिने घरोघर सांगितलं. सायंकाळच्या आत वीसेक बाया टोपल्या घेऊन आल्या. गावभरचं शेण तिथे आलं. हसणं, चिडवणं, एकमेकींच्या पाठीला शेणाचे हात पुसणं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांनी वरून आणखी एक पातळ हात दिला आणि ती बांधी अशी दिसू लागली की त्यावर जेवायला बसावं. मी चुन्याचा गोल काढला. साहेब आले, बघून खूश झाले. "वा, अंगणच केलंत की हो!" असं म्हणून त्यांनी फोटो काढला.

आणि मी? मी त्यांच्यासोबत हसलो. त्याचा मला अजून संताप येतो. खळ्यावरचा वारा आडवा येतो आणि सारवण त्याला पुरून उरतं, हे बाईला माहीत होतं. ही हवा वरून आदळते, कडेची फट शोधते आणि खाली शिरते, हे तिला कुठून माहीत असणार? ते मला माहीत होतं. खाली दाबलेली माती नाही, ओल नाही, वर नुसती साल आहे, हे तर शाळेतल्या पोराला कळलं असतं. मला सगळं कळत होतं. पण साहेबांनी वा म्हटलं होतं, बाया खूश होत्या आणि पाहुणे दहा वाजता येणार होते. दहाला ओलंच राहील, ओलं आहे तोवर उडणार नाही, असा मी मनाशी हिशेब केला.

पाहुणे दहाला आले नाहीत. अकराला नाहीत, बाराला नाहीत. थंडीचे दिवस असले तरी दुपारचं ऊन आमच्याकडे कमी नसतं. माझ्या डोळ्यांदेखत ते अंगण वाळलं, पांढरं पडलं आणि त्याला भेगा गेल्या. एक तुकडा मी बोटाने उचलून पाहिला. पापडासारखा हातात आला. टँकर अजून आलेला नव्हता. लोक मात्र हजारोंनी जमले होते, दोरावर रेलून उभे होते, आणि मागून रेटा वाढत होता. "साहेब, थोडं आत घ्या ना," असं जो तो म्हणत होता. मी सगळ्यांना हाकलत होतो. घसा बसला होता.

त्यातच बाई आली. विहारात जाताना नेसायचं पांढरं लुगडं तिने नेसलं होतं. म्हणाली, "भाऊ, मले एकडाव जवळून पाहू दे ना. दुरून मले काही दिसत नाई. तू वरोऱ्याले पायलं तसं."

मी इकडेतिकडे पाहिलं. तिच्या हातच्या सारवणावर ते उतरणार होतं. ती माझी बहीण होती आणि मी तिथला साहेब होतो. आपल्या माणसासाठी एवढंही करता येत नसेल तर साहेब कशाला व्हायचं, असं मला वाटलं. मी दोर हाताने वर उचलला. ती कमरेत वाकून आत आली. मी तिला चुन्याच्या गोलापासून थोड्या अंतरावर, आमच्या लोकांच्या जवळ उभं केलं आणि पदर तोंडाला घे म्हणालो.

आधी आवाज आला, मग ते दिसलं, आणि गर्दीने आनंदाने आरोळी ठोकली. खाली येता येता पहिल्यांदा कडेचे पापुद्रे उठले. मग मधलं सगळं एकदम उठलं. शेण, कोंडा, त्यातली कुसळं, खालची काळी माती, आणि माझा चुन्याचा गोल, तो तर अख्खा हवेत गेला. पांढरा धूर झाला. दोन बांबू दोरासकट उखडले. लोक डोळे मिटून किंचाळत होते, पण ते मजेने. त्यांना वाटलं, आज हवा जोरात आहे, पैसा वसूल. त्या किंचाळ्यांत माझ्या बहिणीची किंचाळी कोणती ते मला ऐकू आलं नाही.

पंखे थांबले तेव्हा ती खाली बसलेली होती, दोन्ही हात डोळ्यांवर. मी तिच्याकडे निघालो. तेवढ्यात साहेबांनी हाताने खूण केली, रांगेत या. पाहुणे उतरत होते. मी रांगेत जाऊन उभा राहिलो. हात जोडले. पाहुण्यांनी रुमाल नाकाला लावला होता, ते काहीतरी पुटपुटले आणि गाडीत बसले. हे सगळं फार तर पाच मिनिटं चाललं असेल. ती पाच मिनिटं मी रांगेत होतो, आणि माझ्या बहिणीच्या चांगल्या डोळ्यात चुना होता.

डोळ्यात चुना गेला तर पहिली गोष्ट पाणी, आणि भरपूर पाणी. तिथे पाणी नव्हतं. बायांनी पदराने पुसलं, म्हणजे कुसळ आणखी आत गेलं. एकीने खोबरेल तेल आणलं. रुग्णवाहिका पाहुण्यांच्या ताफ्यासोबत निघून गेली, तिला तसा हुकूम होता. मी पिण्याच्या दोन बाटल्या आणून डोळ्यावर ओतल्या, पण बाई पापणी उघडू देईना. गाड्या दिसेनाशा झाल्या आणि मग वरातीमागून घोडं यावं तसा टँकर आला. त्याच्या नळाखाली तिला धरून मी तिचं तोंड धुतलं. लुगडं शेणाचं, चुन्याचं, चिखलाचं झालं होतं. ती एकच विचारत होती, "भाऊ, ऊन गेलं का? ऊन गेलं का रे?" वर लख्ख ऊन होतं.

सिंदेवाही, तिथून चंद्रपूर, तिथून नागपूर. नागपूरच्या डॉक्टरांना मी विचारलं, लगेच धुतलं असतं तर? ते भले गृहस्थ होते, बराच वेळ कागदावर लिहीत राहिले. मग म्हणाले, "तर वेगळं झालं असतं." दोन शस्त्रक्रिया झाल्या. दिवा विझला तो विझलाच.

आता पुढचं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ती दवाखान्यात असतानाच मला नोटीस आली, खुलासा करा. दोराच्या आत बाहेरची व्यक्ती कशी, असा एकच प्रश्न होता. सारवणाबद्दल प्रश्न नव्हता, कारण मग फोटो काढणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागलं असतं. निवृत्तीला माझी थोडीच वर्षं उरली होती. मी रात्रभर कागदासमोर बसलो वगैरे काही नाही. दुपारी, चहा पिता पिता, सरळ हाताने लिहिलं, की सदर महिला कर्मचाऱ्यांच्या सूचनेस न जुमानता स्वतःच्या जबाबदारीवर दोर ओलांडून आत शिरली. त्याला तिचा जबाब जोडावा लागणार होता. तोही मीच लिहिला आणि नागपूरला घेऊन गेलो.

दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. मी म्हणालो, बाई, दवाखान्याचा कागद आहे. ती म्हणाली, "पेन दे हातात, सही करतो. कुठी करू ते दाखव." पेन घेतलं तर तिने सही नीट केली असती, डोळे नसले तरी हाताला ती पाठ होती. पण सही करणाऱ्या बाईला लोक विचारतात, कागदात काय आहे ते माहीत होतं का. अंगठेवालीला कुणी विचारत नाही. मी म्हणालो, "अंगठा चालते." तिचा अंगठा धरून मी शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. ज्या हाताला मी नाव शिकवलं होतं, त्याच हाताचा मी अंगठा घेतला. प्रकरण मिटलं. माझ्या पेन्शनला धक्का लागला नाही.

ती गावी परतली. डोळे नसलेलं माणूस लोकांना गोष्ट विचारायला सोपं जातं. जो येई तो विचारी, कसं झालं हो बाई? आणि माझ्या समोर, माझ्या पाठीमागे, ती एकच सांगायची, "मीच आत गेलो दोर ओलांडून. हौस होती मले." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला घाम फुटला. कागदात काय लिहिलंय ते तिला कळलं होतं. गावात कोणी ना कोणी वाचून दाखवलंच असणार, असं मी धरून चाललो.

एकदा संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो. ती वालाच्या शेंगा सोलत होती, बोटांनीच चांगली-किडकी ओळखत होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं असेल, नाहीतर नुसताच खाकरलो असेन. ती म्हणाली, "तुह्या हाताले लई घाम होता रे त्या दिवशी. दवाखान्याच्या कागदाले कोणाले घाम येते?" एवढं बोलून तिने शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "सोल. नुसता बसून काय राह्यला?" मी सोलल्या. माफी मागितली नाही. माफी मागावी तर ती लगेच "राहू दे" म्हणाली असती, आणि ते ऐकून मला बरं वाटलं असतं, आणि तसं बरं वाटणं मला नको होतं. निदान मी स्वतःला असं समजावतो. खरं म्हणजे हिंमत झाली नाही.

निवृत्त झालो तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. आसपास हेलिकॉप्टर उतरणार असल्याचं कळलं की मी जातो आणि लोकांना मागे ढकलतो. मला कुणी सांगितलेलं नाही, पगार नाही, काठी नाही. ओरडतो. पोरं मला हवावाले काका म्हणतात. मी त्यांना सांगतो की याच भागात एका बाईचे डोळे गेले, तर एकजण मला म्हणाला, "ते तं दोर ओलांडून गेली होती म्हनते काका." पालथ्या घड्यावर पाणी. तो घडा मीच पालथा घालून ठेवलेला आहे.

मागच्या हिवाळ्यात त्याच गावात पुन्हा पाहुणे यायचे होते. आता तिथे सिमेंटचं पक्कं हेलिपॅड आहे, सारवण नाही, चुना नाही, रंगाचा एच आहे. त्यामुळे लोकांना वाटतं, आता काही होत नाही, आता बिनधास्त जवळ जा. पण सिमेंटच्या कडेला बांध्या त्याच आहेत, त्यांत तणीस तेच आहे, चुरणीचा कोंडा तोच आहे. मी निघालो तर बाई म्हणाली, "मले घेऊन चाल."

"तू काय करतं तिथी?"

"आवाज आइकतो. चाल."

मी तिचा हात धरून नेलं. गर्दी अशी होती की पाय ठेवायला जागा नाही. छत्र्या, दुपट्टे, मोबाइलच्या काठ्या. मी पुढे होऊन ओरडायला लागलो, मागे व्हा, कोंडा उडतो, डोळे जातात. एक पोरगा म्हणाला, "काका, साइडले व्हा ना, मधात येऊन राह्यले." बाईने माझा हात सोडला होता. दोन्ही हात पुढे करून ती हळूहळू चालत होती, चाचपत. हाताला हिरवा नायलॉनचा दोर लागला, तशी ती थांबली. दोर तिने दोन्ही मुठींत धरला आणि पदर तोंडावर ओढला.

आवाज आला. आरोळी उठली. सगळे एकदम दोराखालून वाकून आत पळाले, बायापोरांसकट, दोन शिपाई अडवत होते तेही मोबाइल काढून आत गेले. मी कुणाकुणाला धरणार? मी मागे बाईजवळ आलो. कोंडा उडायला लागला होता. ती दोर धरून जागच्या जागी उभी होती. तोंड माझ्याकडे वळवून तिने ओरडून विचारलं, "सगळे दोराच्या मागं हायेत ना रे, भाऊ?"

"नाई बाई," मी म्हणालो. "तू एकटीच हायेस."